दोन इंच पाणी



या अंकासाठी मुलांनी "सुट्टीत केलेले काम" या विषयावर लिहायचे ठरले होते. आमच्या घरात सुट्टीत एक मोठे काम झाले, पण ते लिहायला आमच्या कन्येने साफ नकार दिला. "ते बाबा लिहील, त्यानेच केलंय," असे तिने ताईंना परस्पर सांगून टाकले. तेव्हा हा लेख म्हणजे आम्हाला मिळालेला गृहपाठ आहे. विषय तसा छोटा, अगदी बारापट छोटा आहे: एका बाहुलीघराची आतून केलेली दुरुस्ती. पण त्यावर आमचे आता एक ठाम मत झाले आहे, आणि ते मत आम्हाला फुकट मिळालेले नाही. म्हणून मांडतो.

आधी घराची ओळख करून देतो. हे घर आम्ही २०१९ साली एका गराज सेलमध्ये वीस डॉलरला घेतले. प्लायवुडचे, दुमजली, सहा खोल्यांचे, मागच्या बाजूने उघडे. विकणाऱ्या आजी म्हणाल्या की त्यांच्या यजमानांनी ते आपल्या लेकीसाठी स्वतःच्या हातांनी केले होते. तळाच्या फळीवर पेन्सिलीने १९७६ असा आकडा आहे. अशा बहुतेक घरांचे प्रमाण एकास बारा असते. म्हणजे खऱ्या घरातला एक फूट तो इथला एक इंच. दिवाणखान्याला पिवळ्या फुलांचा वॉलपेपर होता, स्वयंपाकघराला निळ्या चौकटींचा.

त्याच वर्षी आमचे वडील, म्हणजे मुलांचे आबा, मे ते ऑक्टोबर असे सहा महिने इथे होते. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून ते निवृत्त झालेले. अक्षर मोत्यासारखे आणि वेळ भरपूर. कन्या तेव्हा चार वर्षांची होती. आबांनी आणि आम्ही मिळून त्या घरात दिवे लावले. तांब्याची पातळ चिकटपट्टी भिंतीच्या कडेने फिरवायची, तिला बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडायचा आणि पट्टीवर हवे तिथे गव्हाच्या दाण्याएवढे दिवे बसवायचे, अशी ती रचना. दिवे लागल्यावर आबांनी घर नीट न्याहाळले आणि म्हणाले, "सगळं आहे, पण स्वयंपाकघरात कॅलेंडर नाही. कॅलेंडराशिवाय घर चालतं कसं?"

मग त्यांनी पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कागदावर ऑगस्ट २०१९ चे पान आखले. रविवार लाल शाईने. १५ तारखेला "राखी", कारण त्या वर्षी राखीपौर्णिमा नेमकी स्वातंत्र्यदिनी आली होती. आणि दोन चौकोनांत, भिंगाने वाचावे लागेल इतक्या बारीक अक्षरांत, एकीकडे "गॅस आला" आणि एकीकडे "दूध १ लि." असे लिहिले. ज्या कॅलेंडरावर दुधाचा हिशेब नाही ते कॅलेंडरच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. ते पान त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूला, वॉलपेपरवर चिकटवले. आबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. त्या दिवसांत प्रवासाचे काय हाल होते ते सर्वांना ठाऊक आहे. आम्ही पोहोचू शकलो नाही.

आता यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या जुलैत येऊ. एका रात्री धो धो पाऊस झाला, बेसमेंटमधला संप पंप बंद पडला आणि सकाळी खाली उतरलो तर दोन इंच पाणी. माणसाचा फक्त घोटा बुडेल, पण बाहुलीघर जमिनीवरच ठेवलेले होते, आणि बाहुल्यांच्या हिशेबाने ते दोन फूट पाणी झाले. वरचा मजला कोरडा होता. खाली मात्र जमिनीच्या पट्ट्या फुगल्या, प्लायवुडचे पापुद्रे सुटले, दिवे गेले, आणि भिंतीवर चारही बाजूंनी एक तपकिरी रेघ उमटली. २६ जुलै २००५ ला मुंबईत ज्यांच्या तळमजल्यावर पाणी शिरले त्यांना ही रेघ ओळखीची असेल.

आमची पदवी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगची, पण पोट सॉफ्टवेअरवर. या दोन्ही जातींच्या माणसांना मोडकी वस्तू दिसली की एकच सुचते: हे सगळे काढून टाकू आणि पहिल्यापासून नीट करू. शनिवारी कन्या मैत्रिणीकडे गेली होती. तिला परत आल्यावर चकित करावे म्हणून आम्ही कामाला लागलो. ओला स्पंज फिरवला, वॉलपेपर मऊ होऊ दिला आणि पट्टीने स्वयंपाकघराच्या भिंती जमिनीपासून छतापर्यंत खरवडून काढल्या. काम झकास झाले. लाकूड स्वच्छ दिसू लागले. ओल्या कागदाचा लगदा पिशवीत भरून कचऱ्यात टाकला. सोमवारी सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली.

सोमवारी संध्याकाळी कन्या खाली गेली आणि थोड्या वेळाने वर येऊन तिने विचारले, "बाबा, तू कॅलेंडर कुठे काढून ठेवलंस?"

आम्ही ते काढून ठेवलेले नव्हते. आम्ही ते पाहिलेही नव्हते. पाणी दोन इंच चढले होते आणि कॅलेंडर पाच इंचांवर, अगदी कोरडे होते. त्या भिंतीचे दोन इंच पाण्याने नेले होते. वरचे सात आम्ही नेले.

ती रडली नाही. "ओके" म्हणाली आणि खोलीत गेली. ती रडली असती तर बरे झाले असते. सौ. एवढेच म्हणाली, "अरे, तिला विचारायचंस तरी." जुने फोटो धुंडाळले. एका फोटोत कॅलेंडर आहे, पण ते एक पांढरा ठिपका म्हणून. कितीही मोठे केले तरी ठिपक्याचे अक्षर होत नाही.

गंमत अशी, की ऑफिसात आम्ही नव्या मुलांना रोज एक गोष्ट बजावतो: जुन्या प्रोग्रॅममधली एखादी ओळ कशासाठी आहे हे कळत नसेल तर ती उडवू नका. ती कोणीतरी, कधीतरी, काहीतरी कारणाने लिहिलेली असते. हे पंधरा वर्षे लोकांना सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या बेसमेंटमध्ये काय केले ते आपण वाचलेच.

म्हणून आमचे मत असे. बाहुलीघर आतून दुरुस्त करणे म्हणजे ते नवे करणे नव्हे. बाहेरच्या भिंती, छप्पर हे सुताराचे. पण आतला भाग त्या घरात जे जे खेळले त्यांचा असतो. तिथला प्रत्येक डाग, चिकटवलेला कागद, पेन्सिलीची रेघ ही कोणाची तरी असते. जे मोडले तेवढेच दुरुस्त करावे, पुन्हा सोडवता येईल अशा रीतीने करावे, आणि ज्याचे घर त्याच्या हातांनी करावे. मोठ्यांनी मदतनीस म्हणून उभे राहावे, आणि तेही बोलावल्यावर.

हे बोलणे झाले. आता आम्ही दिवाणखाना कसा केला ते सांगतो, कारण तो कन्येने केला आणि आम्ही हाताखाली होतो.

पहिले काम म्हणजे काहीही न करणे. घर उंचावर ठेवून पंखा लावला आणि पुरते वाळू दिले. हेअर ड्रायर मारला तर पातळ लाकूड वाकते. वाळेपर्यंत तिने प्रत्येक भिंतीचा फोटो काढला आणि वहीत प्रत्येक खोलीसाठी दोन रकाने केले: "मोडलंय" आणि "हात लावायचा नाही". दुसरा रकाना जास्त लांब झाला. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर कोरलेले आहे, ते बहुधा त्या आजींच्या लेकीचे. आम्हाला सहा वर्षांत ते दिसले नव्हते.

प्लायवुडचे पापुद्रे सुटले होते तिथे सुईच्या पिचकारीने लाकडाचा डिंक आत सोडला, वर मेणकागद ठेवला आणि त्यावर आमची इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तके रचली. पदवीचा इतका थेट उपयोग आम्हाला आजवर झाला नव्हता. मात्र लक्षात ठेवा, तुमचे घर प्लायवुडऐवजी लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचे, म्हणजे एमडीएफचे असेल तर फुगलेला भाग पुन्हा बसत नाही. तेवढा तुकडा बदलावाच लागतो.

भिंतीवरच्या रेघेचे काय करायचे? आम्ही पूर्ण वॉलपेपर बदलण्याचे नाव काढणार होतो, पण गप्प बसलो. कन्येने रेघेच्या किंचित वर सरळ काप घेतला, खालचा डागाळलेला भाग तेवढा काढला आणि तिथे आइस्क्रीमच्या काड्या उभ्या लावल्या. जुन्या घरांत भिंतीच्या खालच्या भागाला लाकडी फळ्या मारलेल्या असतात, अगदी तसे दिसू लागले. वरची १९७६ ची पिवळी फुले जागच्या जागी राहिली.

एके ठिकाणी फुलांचा कागदही फाटला होता. त्याचे ठिगळ आपल्या या पत्रकाच्या युक्तीने केले. चांगल्या भागाची फोटोकॉपी काढली आणि फुले रंगीत पेन्सिलींनी रंगवली. फोटोकॉपीची शाई म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची पूड असते, ती पाण्याने फुटत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई ओल्या चिकटीवर बऱ्याचदा पसरते. ठिगळ ओळखू येते. येऊ दे.

आणि चिकटवायला? पालकहो, लहानपणी आकाशकंदील आणि पतंग आपण कशाने चिकटवत होतो ते आठवा. खळ! संग्रहालयांत जुने कागद आणि नकाशे दुरुस्त करणारी तज्ज्ञ मंडळी आजही गव्हाच्या स्टार्चची खळच वापरतात. कारण ती थोड्या ओलाव्याने पुन्हा सुटते. उद्या कोणाला आपली चूक दुरुस्त करायची झाली तर मूळ कागद न फाडता करता येते. एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी, मंद आचेवर सतत ढवळत राहायचे, गुठळी होऊ द्यायची नाही, चकाकी आली की उतरवायची. आपल्याकडचे बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या खेळण्यात नको. थोडी करावी आणि लगेच वापरावी.

दिव्यांसाठी ट्रान्सफॉर्मर भिंतीतून काढला, पट्टीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला आणि कन्येच्या हाती दिला. जोड चांगला असेल तर तो पिप् वाजतो. वाजत वाजत ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे आवाज थांबला. पट्टी जिथे वळते तिथला जोड पाण्याने हिरवा पडला होता. तेवढा घासून, तांब्याचा छोटा तुकडा वर ठेवून सोल्डरिंग केले. ते मात्र आम्ही केले, कारण तापलेली कांब दहा वर्षांच्या मुलीच्या हाती द्यायची आमची छाती नाही. आबांनी घातलेली बाकी सगळी पट्टी शाबूत आहे.

एक धोक्याची सूचना. अमेरिकेत शिशाच्या रंगावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घरातल्या रंगवलेल्या चौकटी, जिने हे सँडपेपरने कोरडे घासू नका. ती पूड पोटात जाणे मुलांना फार वाईट. तिथे मोठ्यांनी आधी रंगाची तपासणी करावी, मगच काय ते ठरवावे. आम्ही त्या चौकटींना हातच लावला नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही मुलांना घेऊन शिकागोला गेलो. तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न या बाईंनी कसबी कारागिरांकडून करवून घेतलेल्या ६८ छोट्या खोल्या आहेत, १९३२ ते १९४० या काळात केलेल्या, एकास बारा याच प्रमाणात. शहराच्या दक्षिणेला विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात मूकपटांची नटी कोलीन मूर हिचा परीमहाल आहे. तो १९४९ पासून तिथे आहे आणि २०१४ साली त्याची निगुतीने डागडुजी झाली. दोन्ही काचेआड. थॉर्नबाईंच्या खोल्यांत एकही बाहुली नाही. पण वस्तू अशा मांडल्या आहेत, की कोणीतरी आत्ताच उठून बाहेर गेले आहे असे वाटावे. आम्ही काचेला नाक लावून उभे होतो आणि मनात आले: कोणीतरी इथे राहते आहे असे वाटावे म्हणून त्या बाईंनी किती पैसा आणि किती कसब ओतले! आमच्याकडे ते तिकिटाएवढ्या कागदावर होते. "गॅस आला."

या मतावर आक्षेप येणार, आणि आलेही. एक मित्र म्हणाले, "एवढ्या वेळात नवीन ऑनलाइन मागवलं असतंत." खरे आहे. शिवाय ते जास्त चकचकीत असते. पण त्यात पिवळी फुले नसती. दुसरे म्हणाले, मुलींना असल्या कामात गुंतवण्यापेक्षा गणित करून घ्या. त्यांना आम्ही सांगितले, की नऊ इंचांच्या भिंतीला अर्ध्या इंचाच्या किती काड्या लागतील, दाराची जागा सोडून, हे गणितच होते. राहिला मुद्दा मुलींचा. जमिनीच्या निम्म्या पट्ट्या वर्गातल्याच एका मुलाने येऊन बसवल्या आहेत आणि त्या आमच्या पट्ट्यांपेक्षा सरळ आहेत.

तिसरा आक्षेप आमचा आम्हालाच आहे. "आमच्या वेळी आम्ही सगळे दुरुस्त करत होतो" असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो प्रामाणिकपणा नाही. भातुकलीतली चूल फुटली की आमची बहीण ती मातीने लिंपायची, कारण दुसरी मिळणार नव्हती. आणि दिवाळीचा किल्ला तर आम्ही दर वर्षी स्वतःच मोडत होतो. मोडक्या वस्तूविषयी आम्हाला काही विशेष प्रेम नव्हते. दर वर्षी नवा किल्ला करायला तेच अंगण होते, तीच माती होती आणि तेच आजोबा शेजारी बसलेले होते, म्हणून मोडण्याचे काही वाटत नसे. इथे तसे नाही. इथे आपल्या मुलांकडे आजी-आजोबांचे जे असते ते सहा महिन्यांचे असते आणि कुठल्या तरी भिंतीवर चिकटवलेले असते. ते कुठे आहे हे मुलांना माहीत असते. आपल्याला नसते. म्हणून विचारायचे.

स्वयंपाकघराची भिंत उघडीच राहिली होती. ती कशी करायची हे आम्ही विचारले नाही. सप्टेंबरात एके दिवशी कन्येने तिला पांढरा रंग दिला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर खिडकीच्या बाजूला तिकिटाएवढा कागद. आम्हाला वाटले, तिने ऑगस्ट २०१९ पुन्हा आखला असेल. तिने आबांचे पान पुन्हा करायचा प्रयत्न केलेला नव्हता. पान होते जुलै २०२५ चे. रविवार लाल. एका चौकोनात, जितके बारीक तिला जमले तितक्या बारीक अक्षरांत, "पानी आलं". आणि पुढच्याच एका शनिवारच्या चौकोनात, "भिंत गेली". कोणी नेली ते लिहिलेले नाही.

"पाणी"तला ण चुकला आहे. रविवारच्या वर्गात ताई न आणि ण वर किती मेहनत घेतात ते आम्ही जाणतो, त्यांची क्षमा मागतो. आमचा हात पेनकडे गेला होता. पण ते कॅलेंडर तिच्या रकान्यात आता "हात लावायचा नाही" या बाजूला आहे. ण वहीत शिकवू.

वाचकांपैकी कोणाकडे मोडके बाहुलीघर, गाडी, भातुकली असे काही बेसमेंटमध्ये पडले असेल आणि ते टाकून द्यायचे मनात असेल, तर आधी मुलांना आत काय काय आहे ते विचारा. मग रविवारी वर्गाला घेऊन या. मल्टिमीटर आमच्याकडे आहे, आइस्क्रीमच्या काड्या मुलांनी गरजेपेक्षा जास्त जमवल्या आहेत, आणि खळ सकाळी ताजी करून आणू.

कळावे, लोभ असावा.

— मधल्या गटातील एका विद्यार्थिनीचे बाबा